दगडाला सुटा राहू द्या: डबराची कामे आखणाऱ्या आणि मोजणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

सन्माननीय अभियंता बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंदाजपत्रकात एक कलम असते, 'डबर भरणे व रचणे'. डबर म्हणजे ओबडधोबड, न घडवलेला दगड. त्याच्या वरच्या कलमात काँक्रीटची प्रत लिहिलेली असते, खालच्या कलमात सळईचा व्यास असतो, आणि मधल्या या कलमापुढे फक्त घनमीटरचा आकडा. दगड केवढा हवा, किती वजनाचा, कोणत्या खडकाचा, त्याच्याखाली काय अंथरायचे, रचाई कुठून सुरू करायची, यातले काहीच नसते. मी या एका कलमाची कामे आयुष्यभर जागेवर उभा राहून करून घेतली. टिकलेली पाहिली, तशी गेलेलीही पाहिली. गेलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी दगड वाईट नव्हता, तो नीट मागवलाच गेला नव्हता किंवा नीट बसवला गेला नव्हता. म्हणून हे पत्र.

आधी माझ्याच एका कामाबद्दल सांगतो. कालव्याच्या वळणावर काठ ढासळत होता, तिथे दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचे अस्तर, करायचे ठरले. दगड खणखणीत आला. नकाशात पिचिंगखाली वाळू आणि बारीक खडीचा गाळणी थर दाखवला होता. काम लवकर उरकायचे होते, म्हणून निरोप आला की तो थर सोडून द्या, एवढ्या जाड दगडाला काय होणार आहे. मी सोडला. पहिला हंगाम गेला, दगड जसेच्या तसे. दुसऱ्या हंगामानंतर उतारावरून चालत होतो आणि एक दगड पायाखाली हलला. तो काढला तर माझा हात कोपरापर्यंत आत गेला. एकही दगड वाहून गेला नव्हता, त्यांच्या मागची मातीच फटींतून निघून गेली होती. पाणी चढले की काठ भिजायचा, उतरले की तेच पाणी मातीचे कण घेऊन बाहेर यायचे आणि आमच्या दगडांमधून निवांत निघून जायचे. तिसऱ्या हंगामात सगळा पट्टा एका रात्रीत खाली बसला. मोजमाप वहीत त्या कामाखाली माझी सही आहे.

गाळणीचे गणित काही अवघड नाही. मृदा अभियांत्रिकीचे जनक कार्ल टर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मांडले आणि आजही जगभर त्याच्याच आधाराने काम चालते. गाळणीतला तो कण घ्या, ज्याच्याहून बारीक कण वजनाने १५ टक्केच आहेत. खालच्या मातीतला तो कण घ्या, ज्याच्याहून बारीक कण ८५ टक्के आहेत. पहिला कण दुसऱ्याच्या चार ते पाच पटींहून मोठा नको. एवढे पाळले की मातीतले जाडे कण गाळणीच्या फटींत अडकतात आणि त्यांच्या मागे बारीक कण अडकत जातात. पाण्याच्या वाटेसाठी दुसरी अट आहे: गाळणीचा तो १५ टक्क्यांचा कण मातीच्या १५ टक्क्यांच्या कणाच्या चार-पाच पट तरी मोठा हवा. बारीक वाळूच्या काठावर हातभर दगड टाकायचे असतील तर एका थराने भागत नाही, बारीककडून जाडीकडे जाणारे दोन थर घालावे लागतात. आता जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे, कापड मिळते, ते चांगले आहे. पण त्याच्यावर डंपरमधून धारदार डबर थेट ओतला की ते फाटते आणि फाटलेले वरून दिसत नाही. कापडावर आधी वीतभर खडी पसरा, मग दगड. कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर पुरेशा चढवा. हे सगळे झाकले जाणारे काम आहे, ते झाकण्याआधी पाहायला कोणी आले तर आले. तुम्ही या, एवढीच विनंती.

आता दगड केवढा हवा ते पाहू. वाहते पाणी दगडाला ढकलते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे वेग दुप्पट झाला तर दगडाचा व्यास चौपट लागतो, आणि व्यास चौपट म्हणजे वजन चौसष्ट पट. हा आकडा मी प्रत्येक नव्या कनिष्ठ अभियंत्याला सांगत आलो आणि प्रत्येकाने तो एकदा तरी पुन्हा विचारून घेतला. सोव्हिएत अभियंते इझबाश यांनी १९३० च्या दशकात, वाहत्या पाण्यात दगड टाकून धरण कसे उभारावे याचा अभ्यास करताना, जे सूत्र दिले ते वापरून पाहा. सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहणाऱ्या खळाळत्या पाण्यात सुमारे ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण ७५ किलोचा दगड लागतो. तेच पाणी ६ मीटरने धावू लागले तर दगड दीड मीटरचा आणि पावणेपाच टनांच्या आसपास. दोन माणसे उचलून ठेवतात तो दगड आणि क्रेनशिवाय हलत नाही तो दगड, यांतला फरक फक्त वेग दुप्पट होण्याचा आहे. मग पुलाच्या तोंडाशी, जिथे पाणी आवळले जाते, आणि वरच्या शांत पात्रात एकच 'डबर' कसा चालेल?

समुद्राकडच्या कामात लाटेची उंची बघतात आणि तिथे वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे अंदाजापेक्षा लाट फक्त पाव पट उंच आली तरी दगड जवळजवळ दुप्पट वजनाचा लागतो. लाटरोधक भिंतींच्या दगडांसाठी वापरले जाणारे अमेरिकन अभियंते हडसन यांचे सूत्र हेच सांगते. त्या सूत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, ती म्हणजे खडकाची घनता. चांगल्या दगडाचा घन मीटर २.६५ टनांचा धरला, तर पाण्यात बुडाल्यावर त्यातला एक टन पाणी उचलून धरते आणि कामाला उरतात १.६५ टन. दगड हलका, २.४ टनांचा घेतला तर उरतात १.४. हा फरक सूत्रात घन होऊन येतो, आणि घनतेत दहा टक्केही कमी नसलेल्या त्या दगडाचा एकेक नग सुमारे दीडपट वजनाचा लागतो. पाडलेल्या इमारतींचे काँक्रीटचे तुकडे काठावर ओतणारे हा हिशेब करत नाहीत. ते तुकडे हलके असतात, फरशीसारखे चपटे असतात, पाणी त्यांच्याखाली शिरले की पत्त्यासारखे उलटतात, आणि त्यांतून निघालेल्या सळया माणसांना व जनावरांना लागतात ते वेगळेच.

आकारमानाइतकाच घाटही महत्त्वाचा. खाणीतून फोडलेल्या दगडाला कोन असतात, कडा असतात, तो शेजाऱ्यात अडकतो. नदीतला गोटा गुळगुळीत, त्याची रास लवकर पसरते. म्हणून उतारावर गोटे टाकायचेच असतील तर उतार अधिक सपाट ठेवा आणि आकार मोठा घ्या. लांबीला जाडीच्या तिपटीहून जास्त असलेली पाती बाजूला काढा. सगळे दगड एकाच मापाचेही नकोत, मोठ्यांच्या फटींत मध्यम आणि मध्यमांच्या फटींत लहान बसले की रचना घट्ट होते. एकूण जाडी मधल्या मापाच्या दगडाच्या दीडपट तरी हवी आणि सर्वांत मोठ्या दगडापेक्षा कमी नको. पाण्याखाली टाकायचे असेल, जिथे हाताने बसवता येत नाही, तिथे ती आणखी निम्म्याने वाढवा. दगड माथ्यावरून गडगडत सोडू नका. मोठे दगड पायथ्याशी जाऊन पडतात, चुरा वर राहतो, आणि वरून बघणाऱ्याला छान भरलेला दिसणारा उतार आतून पट्ट्यापट्ट्यांचा असतो. काम पायथ्यापासून वर न्या.

हा पायथाच बहुतेक उतारांचा जीव घेतो. पात्राचा तळ पुरात खाली जातो, आपला पायथा अधांतरी राहतो आणि वरचे सगळे घसरत येते. या अडचणीवर जे उत्तर निघाले त्याचा मला फार आदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभियंते जे. आर. बेल यांनी वाळूत वाट बदलणाऱ्या मोठ्या नद्यांवर रेल्वे पुलांसाठी मार्गदर्शक बांध, म्हणजे नदीला पुलाखालूनच वाहायला लावणारे बांध, बांधले. त्यांच्या पायथ्याशी नदीच्या तळावर सुट्या दगडांची एक रुंद चादर अंथरलेली असते. पुरात तळ खरवडला जातो तेव्हा चादरीच्या कडेचे दगड आपणहून त्या खड्ड्याच्या उतारावर घरंगळतात आणि त्याला झाकतात. जितकी खरवड खोल, तितके दगड खाली उतरतात. या चादरीला लाँचिंग एप्रन म्हणतात. चादरीखाली जेवढी खरवड खोल जाईल असा अंदाज असतो, तिच्या दीडपट ती रुंद ठेवायची आणि घरंगळून साधारण एकास दोनचा (एक उभा, दोन आडवा) उतार झाकेल इतका दगड तिच्यात भरायचा, असा रिवाज पडला आहे. दगड हलणार हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. तीच चादर सिमेंटने बांधली असती तर कडेला लटकली असती आणि एक दिवस तुटून पडली असती.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार येते. काम नीटनेटके दिसावे म्हणून दगडांच्या फटी सिमेंटच्या मसाल्याने भरल्या जातात. उद्घाटनाच्या दिवशी ते चांगले दिसते. पण पूर ओसरताना काठातले पाणी बाहेर यायला बघते आणि त्याला वाट सापडत नाही. मागून दाब येतो, पुढे आधाराला पाणी उरलेले नसते, आणि अख्खे अस्तर फुगून सुटते. शिवाय बांधलेले अस्तर खालची माती गेल्याचे कळू देत नाही. सुटा दगड माती गेली की खाली बसतो, खड्डा दिसतो, टोपलीभर दगड टाकून दुरुस्ती होते. बांधलेले अस्तर पोकळीवर पुलासारखे तग धरते आणि मग एकदम जाते. ज्यांना दगड बांधायचाच आहे त्यांच्यासाठी अर्धवट भराईची पद्धत आहे, तिच्यात दगड जिथे टेकतात तेवढ्याच जागी मसाला पोहोचतो आणि बाकीच्या फटी उघड्या राहतात. तिला कुशल हात लागतात. जाळीबंद दगड, म्हणजे गॅबियन, हाही एक मार्ग आहे, लहान दगडांना जाळीत एकत्र धरून मोठ्याचे वजन देणारा. पण त्याचे आयुष्य तारेच्या आयुष्याएवढे, आणि गोटे-वाळू वाहणाऱ्या प्रवाहात तार घासली जाते हे लिहून ठेवा.

ओघळींतले अनघड दगडी बांध आकाराने लहान, म्हणून ते कोणी आखत नाही, मजुरांवर सोडून देतात. एकच चूक सतत दिसते: बांधाचा माथा सरळ रेषेत असतो किंवा मध्ये उंच. मग पाणी कडेने फिरते, काठ कापते, आणि पुढच्या वर्षी बांध जागेवर व ओघळ त्याच्या शेजारी असते. माथा मध्ये खोलगट ठेवा, दोन्ही टोके काठात घुसवा, मोठे दगड खालच्या अंगाला लावा. आणि खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल असे अंतर धरा.

पायाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे तर दगड म्हणजे खड्डा भरायचे साहित्य अशीच समजूत आहे. चर खणून तो सुट्या खडीने भरायचा आणि त्यावर सळयांची काँक्रीटची तुळई टाकून भिंत उभी करायची, हा पाया जुना आहे. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो आवडीने वापरला. थंड मुलुखात जमिनीतले पाणी गोठून सुमारे नऊ टक्के फुगते, मातीत बर्फाचे थर धरतात आणि घर वर उचलले जाते. चरात पाणी थांबलेच नाही तर गोठणार काय? म्हणून चराच्या तळाला उतार देतात, तळाशी छिद्रांची नळी घालतात, आणि ती नळी खाली मोकळ्या हवेत उघडतात. या पायाची सगळी भिस्त त्या उघड्या तोंडावर आहे. ते तोंड नसेल तर तोच चर घराभोवतीचे टाके होतो, आणि फुगणाऱ्या चिकणमातीत असे टाके म्हणजे भिंतींना तडे ठरलेले. चरातली खडी धुतलेली हवी, भुकटीसकट आणलेली नको. ती थराथराने ठोकून बसवायला हवी, कारण ओतलेल्या दगडात ३५ ते ४० टक्के पोकळी असते आणि न ठोकलेली पोकळी नंतर इमारतीच्या वजनाने मिटते. चराच्या बाजूंना कापड लावले नाही तर शेजारची माती हळूहळू त्या पोकळीत जाते, कालव्याच्या काठावर गेली तशीच. मऊ, दबणाऱ्या जमिनीवर हा पाया करू नका. भूकंपाचा धोका असलेल्या भागात तुळईची रचना आणि सळया तिथल्या नियमांप्रमाणे तपासल्याशिवायही करू नका.

घराच्या जमिनीखालच्या सोलिंगचे, म्हणजे फरशीखालच्या दगडी थराचेही असेच. दगडाची रुंद बाजू खाली, निमुळती वर, एकमेकांना खेटून उभे, वरून चिपा ठोकून फटी आवळायच्या. आडवे पसरलेले दगड डुगडुगतात. आणि सोलिंग करायचे कारण भार पसरवणे एवढेच नसते. बारीक मातीतून ओल वर चढते, दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून ती चढू शकत नाही. तेव्हा त्या पोकळ्या मातीने गच्च भरून वर पाणी मारणारा मुकादम, कष्ट करूनच, ओलीला शिडी लावून देत असतो. त्याला कोणी हे सांगितलेले नसते. सांगायचे काम आपले.

आता ज्या घटनेमुळे मला हे पत्र लिहावेसे वाटत राहिले ती सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहारी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल १९५४ मध्ये खुला झाला. त्याचे खांब खोल खुंट्यांवर नव्हते, पसरट पायांवर उभे होते, आणि पायांभोवती संरक्षणाला सुटे दगड टाकलेले होते. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, मोठा पूर आला. पूल उभा राहिला. दगड मात्र हलले, आणि ते पूर्ववत कधी भरले गेले नाहीत. १९७० च्या दशकात पाहणी करणाऱ्यांनी दगड पुन्हा टाकायला सुचवले होते, पण पुढे दुरुस्तीच्या कामातून ती बाब वगळली गेली. ५ एप्रिल १९८७ रोजी वसंतातल्या पुरात एका खांबाखालची जमीन खरवडली गेली, खांब कलला आणि पुलाचे गाळे खाली गेले. मोटारी पाण्यात पडल्या. दहा माणसे मेली. चौकशीत मुख्य कारण निघाले ते खांबांभोवतीच्या दगडांची निगा न राखणे. काँक्रीट, पोलाद किंवा गाड्यांचा भार हे मुख्य कारण ठरले नाही.

बत्तीस वर्षे. तेवढ्या काळात त्या पुलावरून किती तपासणी पथके गेली असतील. रंग, सांधे, कठडे पाहिले गेले असतील. गढूळ पाण्याखालचे दगड कोणाला दिसत नव्हते, आणि कागदावर ते एकदा टाकलेले होतेच. या अपघातानंतर अमेरिकेत हजारो पुलांखालची खरवड तपासण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नव्या पुलाचा पाया दगडांच्या भरवशावर ठेवू नये, तो खरवडीच्या खाली न्यावा, ही भूमिकाही तिथे घेतली गेली आणि ती योग्यच आहे. पण जुने पूल जगभर उभे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचा जीव आजही त्या न दिसणाऱ्या दगडांत आहे.

दगड हलला की काम फसले असे मात्र समजू नका. इंग्लंडमधल्या प्लिमथची लाटरोधक भिंत १८१२ मध्ये सुट्या दगडांनी बांधायला घेतली. समुद्राने १८१७ आणि १८२४ च्या वादळांत तिचा समुद्राकडचा उतार स्वतःच्या बळावर सपाट करून टाकला, आणि बांधणाऱ्यांनी शेवटी तोच सपाट उतार मान्य करून काम पुढे नेले. ती भिंत आजही उभी आहे. दगड कुठे जाऊन थांबले हे त्यांनी मोजले आणि नकाशा बदलला.

माझे मागणे थोडे आहे. कलमात दगडाचे मधले वजन, कमाल वजन, घनता आणि खालच्या थराचा तपशील लिहा. खाणीवर एक ढीग नमुना म्हणून मोजून, वजन करून ठेवा, म्हणजे जागेवरच्या माणसाला डोळ्यांसमोर माप राहील. हातोडी मारल्यावर बद्द आवाज देणारा, पाण्यात ठेवल्यावर सुटणारा दगड परत पाठवण्याचा अधिकार त्या माणसाला लेखी द्या. गाळणी थराचे मोजमाप दगड पडण्याआधी स्वतः घ्या. आणि काम पूर्ण झाल्याच्या दिवशी पायथ्याची पातळी अशा खुणेपासून नोंदवा, जी पुरात जाणार नाही.

मग पूर उतरला की पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी बांबू आणि दोरी देऊन पाठवा. खांबाभोवती, पायथ्यालगत, दर दोन पावलांवर खोली घ्यायला सांगा. आकडे त्या जुन्या पातळीशेजारी लिहा. जिथे हातभर फरक दिसेल तिथे त्याच हंगामात दगड टाका, आणि त्या खर्चाचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला तर तो खोडण्याआधी एकदा पाण्याजवळ जाऊन या.

आपला,
डबराच्या कामांवर देखरेख केलेला एक निवृत्त पर्यवेक्षक